मुंबईची ट्राम शोधायला निघताय? आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा

मुंबईत ट्राम होती हे आता पोरांना सांगावं लागतं. शेवटची ट्राम 31 मार्च 1964 ला रात्री बोरीबंदरहून (आजचं सीएसएमटी स्टेशन) दादरला गेली, म्हणजे ज्यांनी ती कळत्या वयात बघितली ते आज सगळे सत्तरीच्या पुढचे, आणि दरवर्षी कमीच होतायत. म्हणून हे लिहितेय. फोटो नेटवर ढिगाने मिळतात, ते नंतरही मिळतील, पण तुमच्या घरातली ट्राम फक्त तुमच्या घरातच आहे आणि ती काढून घ्यायची एक पद्धत असते, ती मला बऱ्याच चुका करून कळली.

पहिली गोष्ट, "ट्राम कशी होती गं?" असं विचारू नका. असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "छान होती, एका आण्यात कुठेही जायचो." संपलं. मी आमच्या मोठ्या आत्याला दोन वर्षं हेच विचारत होते आणि दोन वर्षं हेच ऐकत होते. मग एकदा सहज विचारलं की आत्या, शेवटच्या स्टॉपला गाडी वळायची कशी, तर ती भाजी निवडायची थांबली आणि म्हणाली, वळायची कुठे, ती वळायचीच नाही. ताटातला चमचा उचलला आणि दाखवलं, ड्रायव्हर आपला हँडल काढून हातात घ्यायचा आणि चालत दुसऱ्या टोकाला जायचा, तिकडे लावायचा, आणि कंडक्टर दोरी धरून वरचा दांडा तारेवरून सोडवून उलट्या बाजूला फिरवून लावायचा, झालं, मागची बाजू पुढची झाली. आणि मग तिने बसल्या बसल्या टाच लादीवर आपटली, ठण ठण ठण, "घंटा पायाने वाजवायचा ना तो, हात कुठे मोकळे असायचे त्याचे." ऐंशीच्या घरातली बाई, गुडघे दुखतात म्हणून सहसा जिना उतरत नाही, आणि टाच बरोब्बर तालात.

तर विचारायचं ते असं. चढायचं कुठल्या बाजूने. पैसे कोणाच्या मुठीत असायचे. गर्दीत कशाला धरून उभं राहायचं. पावसात आत पाणी यायचं का. कोणाबरोबर जायचात आणि उतरल्यावर पहिलं काय दिसायचं. हातापायांना आठवतं ते विचारा, माणूस आधी हाताने दाखवतो आणि मग बोलतो. हो-नाहीत उत्तर देता येईल असा प्रश्न शक्यतो टाळा.

रेकॉर्डिंग मोबाईलवरच करा, वेगळं काही लागत नाही. फक्त मोबाईल त्यांच्या समोर धरून बसू नका, टेबलावर उपडा ठेवा, पंखा बंद करा, कुकर लावायचा असेल तर आधी लावून घ्या. आणि मध्ये बोलू नका, हे फार महत्त्वाचं. माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये आत्यापेक्षा मीच जास्त ऐकू येते, ऐकताना अजून वाईट वाटतं. फाइलला त्याच दिवशी नाव द्या, कोण, कधी, कुठे बसून बोललं.

आता तारखा. थोड्या पाठ असलेल्या बऱ्या, कारण आठवणी एकमेकांत मिसळतात. मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली 9 मे 1874 ला, एक रस्ता कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणी आणि दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीवरून पायधुणी, कुलाबा ते पायधुणी तीन आणे. विजेची ट्राम आली 7 मे 1907 ला आणि डबलडेकर 1920 मध्ये. बस तर त्यानंतर, 1926 मध्ये. म्हणजे आज कोणी आजोबा म्हणाले की मी घोड्यांची ट्राम पाहिलीये तर ते शक्य नाही, त्यांनी ती त्यांच्या वडिलांकडून किंवा आजोबांकडून ऐकलेली असणार. पण तोंडावर चूक काढू नका हो! वहीत "ऐकलेलं" असं लिहा आणि पुढे जाऊ द्या, ऐकलेली गोष्टही घराचीच असते. आणि पोरांना हेही सांगा की मुंबईच्या बस चालवणाऱ्या बेस्टमधला टी आधी ट्रामवेजचा होता, ट्रान्सपोर्टचा नंतर झाला. 1947 च्या ऑगस्टमध्ये महापालिकेने ही कंपनी ताब्यात घेतली तेव्हा ट्राम चालूच होत्या.

घरी तिकीट, पास, जुना फोटो काही सापडलं तर ते लॅमिनेट करू नका. हात जोडून सांगते. आजोबांच्या पाकिटात एक तिकीट होतं, नखाएवढं जाड नाही, कडेला कंडक्टरच्या पंचचं भोक, मी ते प्रेमाने एका दुकानात लॅमिनेट करायला दिलं आणि गरम मशीनमधून बाहेर आलं तेव्हा आकडे पुसट झालेले आणि कागद कायमचा प्लास्टिकला चिकटलेला. आता काहीच करता येत नाही. तुम्ही साधा बटर पेपर घ्या, त्यात ठेवून एखाद्या जाड वहीत सपाट ठेवा, ओल लागणार नाही अशा कपाटात. मागे काही लिहायचं असेल तर पेन्सिलने, हलक्या हाताने. सेलोटेप अजिबात नको. आधी दिवसाउजेडी खिडकीपाशी दोन्ही बाजूंचा फोटो काढून घ्या, फ्लॅश न लावता.

एवढं झालं की मग फिरायला निघा, आणि म्हाताऱ्या माणसाला घेऊनच निघा. रविवारी सकाळी सातच्या आत, ऊन आणि ट्रॅफिक दोन्ही वाढायच्या आधी. सुरुवात सीएसएमटीसमोरच्या भाटिया बागेतून करा, तिथे जुन्या ट्रामसारखा डबा ठेवलाय. मग हुतात्मा चौक, तिथे फाउंटनच्या आसपास काम करताना काही वर्षांपूर्वी जमिनीखाली ट्रामचे रूळ सापडले होते. शहराने रूळ सगळे उपसून नेले नाहीत, बऱ्याच ठिकाणी वरून डांबर टाकलं, म्हणून कुठेही रस्ता खोदलेला दिसला की मी आत डोकावते, तुम्हीही सवय लावा.

पुढे सगळं चालायची गरज नाही, म्हाताऱ्या गुडघ्यांचे हाल करू नका. बस पकडा किंवा टॅक्सी करा, भायखळा, लालबाग, परळ, दादर. टॅक्सीवाल्याला बसतानाच सांगा की भाऊ, लालबागला फ्लायओव्हरवर जायचं नाही, खालून घ्या. हे विसरलात तर सगळा लालबाग पायाखालून निघून जातो आणि तुमच्या बाजूला बसलेलं माणूस गप्प होतं, कारण वरून त्यांना त्यांचा रस्ता ओळखूच येत नाही. खालून गेलं की आपोआप सुरू होतं, इथे अमुक मिल, इथे भोंगा, इथून शाळेला. तेव्हा मोबाईल चालू असू द्या.

वाटेत नावं ऐका. परळ टीटी, दादर टीटी. कंडक्टर आजही "टीटी, टीटी" म्हणून ओरडतो आणि बसमधल्या निम्म्या लोकांना माहीत नसतं की टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. साठ वर्षं झाली ट्राम जाऊन तरी स्टॉप गेला नाही, मला याचं दर वेळी नवल वाटतं.

वेळ असेल तर आणिक डेपोतलं बेस्टचं म्युझियम बघा, ट्रामच्या काळातल्या बऱ्याच वस्तू तिथे जपल्यात. चालू आहे का ते जायच्या आधी विचारून घ्या. मुलांना न्या, पण आधी आजी-आजोबांचं रेकॉर्डिंग ऐकवा आणि मग न्या, म्हणजे काचेमागे काय आहे ते त्यांना आवाजासकट कळतं.

शेवट दादरला करा, खोदादाद सर्कलवर, म्हणजे दादर टीटीलाच. सर्कलच्या बाजूला फुटपाथवर थोडी सावली असते, तिथे उभं राहा आणि शेवटच्या रात्रीचं इथेच विचारा, घरी नको. मी आत्याला तिथेच विचारलं. ती म्हणाली आम्ही लालबागला चाळीच्या गॅलरीत उभे होतो, सगळी चाळ उभी होती, खाली रस्त्यावर माणसंच माणसं, कोणी हात लावत होतं डब्याला, आणि ती गेल्यावर पण कोणी आत गेलं नाही, सगळे रुळांकडे बघत उभे. मग ती माझा हात धरून सर्कलच्या कडेला गेली, रस्त्यावर एका जागी चपलेने दोनदा घासलं आणि म्हणाली, "इथेच असणार बघ, इथून तो हँडल घेऊन चालत जायचा."