लांबून मारल्याची बातमी वाचायची कशी

ड्रोन हल्ल्याची बातमी आली की दोन वाक्यं ठरलेली असतात, एक म्हणजे 'युद्धाचा व्हिडिओ गेम झालाय' आणि दुसरं 'आता कसं सगळं अचूक असतं'. दोन्ही जरा बाजूला ठेवा आणि पुढच्या गोष्टी तपासा.

आधी अंतर कुठलं ते बघा. किलोमीटर मोजून फार काही कळत नाही. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात क्रीच हवाई तळावर बसून अफगाणिस्तानवर ड्रोन उडवणारा माणूस जगाच्या दुसऱ्या टोकाला असायचा, पण तो एकाच घरावर दिवसेंदिवस नजर ठेवून असायचा, कोण कधी उठतं, पोरं कुठे खेळतात सगळं बघत, आणि मिसाईल पडल्यावर तिथेच घिरट्या घालत काय उरलं तेही त्यालाच बघायला लागायचं. उलट 6 ऑगस्ट 1945 ला हिरोशिमावर बॉम्ब टाकणारं विमान फक्त साडेनऊ किलोमीटर वर होतं, पण त्यातल्या माणसांना खाली शहर दिसत होतं, माणूस एकही नाही. आता जास्त लांब कोण ते तुम्हीच सांगा. म्हणून बातमी वाचताना विचारायचं, मारणाऱ्याला समोरचा माणूस म्हणून दिसत होता का? युक्रेनमधले छोटे ड्रोन चालवणारे काही किलोमीटरवर कुठेतरी लपलेले असतात, पण शेवटच्या सेकंदापर्यंत समोरच्याचा चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढे असतो.

मग साखळी काढा, अगदी कागदावर. ट्रिगर कोणी दाबला एवढ्यावर थांबू नका, व्हिडिओ कोणी पाहिला, 'संशयित' कोणी ठरवलं, परवानगी कोणी दिली, सगळ्यांना एकेक चौकोन. 21 फेब्रुवारी 2010 ला अफगाणिस्तानातल्या उरुझगान प्रांतात तीन गाड्यांवर अमेरिकी हल्ला झाला तेव्हा ड्रोन चालवणारे नेवाडात, व्हिडिओ तपासणारे फ्लोरिडात, निर्णय घेणारा अधिकारी अफगाणिस्तानात आणि प्रत्यक्ष गोळीबार केला हेलिकॉप्टरनी. तपासणाऱ्यांना मुलं दिसली होती, पण ती गोष्ट वर पोचेपर्यंत पातळ होत गेली. अमेरिकी चौकशीनुसार 23 पर्यंत नागरिक मेले. समाजशास्त्रज्ञ झिग्मुंट बाउमन हेच सांगायचा, काम इतकं वाटून टाकायचं की प्रत्येकाला फक्त आपला तुकडा नीट करायचा असतो आणि अख्खं कृत्य कोणाचंच राहत नाही.

इथे मानसशास्त्रज्ञ मिलग्रामचा प्रयोग आठवा, 1960 च्या दशकाच्या सुरुवातीचा. त्यात उत्तर चुकलं की 'विद्यार्थ्या'ला वाढत्या व्होल्टचा शॉक द्यायला सांगायचे, शॉक खोटे होते पण देणाऱ्याला ते खरे वाटायचे. 'विद्यार्थी' दुसऱ्या खोलीत होता तेव्हा 40 पैकी 26 जण शेवटच्या 450 व्होल्टपर्यंत गेले, तो त्याच खोलीत आला तर 16, आणि त्याचा हात धरून स्वतः प्लेटवर दाबायची वेळ आली तर 12. लोक इथपर्यंतच सांगतात. पण एका प्रकारात बटण दुसऱ्यानेच दाबायचं होतं, आपण फक्त बाजूचं किरकोळ काम करायचं, आणि तिथे 40 पैकी 37 शेवटपर्यंत बसून राहिले! माझ्या मते खरं अंतर हे आहे, भिंतीचं नाही, कामाच्या वाटणीचं.

(दुसऱ्या महायुद्धात चारातला जेमतेम एक सैनिक गोळी झाडायचा, हा अमेरिकी लष्करी इतिहासकार मार्शलचा आकडा कोणी फेकला तर लगेच मान डोलावू नका, तो कसा काढला यावरच बरंच भांडण आहे.)

तिसरं, हे सगळं कोणावर चालतं ते विचारा. 1139 च्या लॅटरन परिषदेत चर्चने क्रॉसबोवर, म्हणजे चाप ओढून लांबून बाण मारायच्या धनुष्यावर, बंदी घातली, पण फक्त ख्रिश्चनांविरुद्ध वापरायला. विमानातून पहिला बॉम्ब 1911 मध्ये इटालियन पायलटने हाताने टाकला, तो लिबियात, इटली जो भाग बळकावायला निघाली होती तिथे. 1898 ला सुदानमधल्या ओमदुरमानला मॅक्सिम मशीनगनपुढे सुदानी हजारोंनी पडले आणि ब्रिटिश-इजिप्शियन सैन्याचे मेले पन्नासच्या आसपास. म्हणजे जे लोक आधीच 'आपले नाहीत' असं ठरलेलं असतं त्यांच्यावर लांबून मारायला कोणाचा हात फारसा अडत नाही, यंत्र नंतर येतं.

शब्दांकडे बघायला फार वेळ लागत नाही. 'टार्गेट', 'कोलॅटरल डॅमेज', 'निष्प्रभ केले' असं आलं की त्या जागी 'माणूस' आणि 'मारला' टाकून वाक्य परत वाचा. मोठ्याने वाचलंत तर अजून बरं.

आणि बातमी जपून ठेवा. पहिल्या दिवशीचा आकडा जवळजवळ नेहमी वरून बघणाऱ्याचा असतो, खालच्यांचा यायला वेळ लागतो. 29 ऑगस्ट 2021 ला काबूलमध्ये एका पांढऱ्या गाडीवर अमेरिकी ड्रोनने मिसाईल मारलं, आधी अमेरिकी लष्कराने सांगितलं गाडीत स्फोटकं होती, हल्ला योग्यच होता. मग पत्रकार त्या घरी गेले, शेजाऱ्यांशी बोलले, कॅमेऱ्यांचं फुटेज काढलं. 17 सप्टेंबरला पेंटागॉनने, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याने, चूक मान्य केली, मेलेले 10 च्या 10 सामान्य लोक होते, त्यातली 7 मुलं. म्हणून निदान तीन आठवड्यांनी त्याच जागेचं नाव परत सर्च करायचं.