डीलरच्या खुर्चीत बसायला निघालेल्या बेळगावच्या पोरापोरींसाठी

दर महिन्याला खानापूर नाहीतर अनगोळ-वडगावकडून एखादा फोन येतोच, दादा गोव्याला कॅसिनोत डीलरचं काम लागेल काय. दुसरा प्रश्न ठरलेला, टीप किती मिळते. पगाराचं कोण विचारत नाही बघा. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला, तेव्हापासून तर मोबाईलवर पोकर खेळून हात शिवशिवणारी पोरं पण विचारायला लागलीत, आम्हाला सगळं येतं म्हणून. येतं रे, पण खेळायला येतं, वाटायला नाही. मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या जहाजावर पाच वर्षं पोकरचे पत्ते वाटलेत मी, तेव्हा एकदाच लिहून टाकतो.

पहिलं म्हणजे घरची सवय मोडायची. आपल्याकडे दिवाळीत माडीवर तीनपत्ती बसते तिथे पिसणारा पण खेळतो, बोटाला थुंकी लावून पत्ता भिरकावतो आणि कुणी काय बोललं की हसण्यावारी जातं. पोकरचा डीलर खेळतच नाही, त्याला कोण जिंकलं कोण हरलं याच्याशी देणंघेणं नाही, आणि म्हणूनच सगळ्यांची नजर त्याच्या बोटांवर, वरून कॅमेरा वेगळाच. नवीन कॅट आला की पालथा पसरून दोन्ही तळव्यांनी गोल गोल घोळायचा, मग दोनदा पिसायचा, गठ्ठे गठ्ठे काढून उलटसुलट रचायचा, परत एकदा पिसायचा, काटायचा आणि खाली प्लास्टिकचं कट कार्ड लावायचं, कारण तळाचा पत्ता समोरच्याला दिसला की सगळं फुकट. मधोमध सगळ्यांसाठी उघडे पत्ते मांडतात, आधी तीन म्हणजे फ्लॉप, मग एक टर्न, मग एक रिव्हर, या प्रत्येकाच्या आधी वरचा एक पत्ता पालथाच बाजूला सरकवायचा, त्याला बर्न म्हणतात. ट्रेनिंगला मला वाटायचं उगीच शास्त्र असेल. नाही. वरच्या पत्त्याच्या पाठीवर कुणी नखाने खूण केली असली तर पुढे काय निघणार ते त्याला आधीच कळलं असतं, तोच पत्ता काढून टाकला की त्याची खूण वाया.

आता चीटिंग. सगळ्यांना सिनेमातल्यासारखं बाहीतून एक्का काढणारं पाहिजे असतं. पाच वर्षांत खूण केलेला पत्ता मी दोनदा बघितला, बस. रोजचा त्रास अँगल मारणाऱ्यांचा, म्हणजे नियम मोडला असं म्हणता येत नाही पण नियत खोटी. चिप्स, म्हणजे पैशांच्या जागी वापरायच्या चकत्या, घेऊन हात पुढे न्यायचा, समोरच्याचा चेहरा बघायचा, आणि हळूच मागे घ्यायचा. किंवा आधी कॉल, म्हणजे समोरच्याइतकेच लावतो, म्हणायचं, थांबायचं, मग अजून चिप्स टाकून रेझ, म्हणजे वाढवतो, म्हणायचं, याला स्ट्रिंग बेट म्हणतात, हे रेझ धरत नाहीत, कॉलच राहतो. मोठ्या किमतीच्या चिप्स मागे लपवून पुढे बारक्यांचा ढीग लावणारे तर रोज भेटतात, सांगायचं, सर मोठ्या चिप्स पुढे ठेवा, हसून सांगायचं पण सांगायचंच. आधी कुणी लावलेलं असताना दुसऱ्याने काही न बोलता एकच मोठी चिप टाकली तर तो कॉल, मग तो कितीही म्हणू दे माझ्या मनात रेझ होतं म्हणून.

यावर औषध म्हणजे तोंड. रेझ, कॉल, ऑल इन म्हणजे होतं तेवढं सगळं लावलं, जे झालं ते मोठ्याने बोलायचं, टेबलाच्या त्या टोकाला ऐकू गेलं पाहिजे. आपली खेड्याकडची पोरं इथेच मार खातात, पत्ते झकास पिसतात आणि आवाज पोटातच. वाद झाला तर निकाल आपण द्यायचा नाही, पत्त्यांना हात लावायचा नाही, टेबलांवर देखरेख करणाऱ्या फ्लोअर मॅनेजरला हाक मारायची.

माझीच चूक सांगतो. पहिल्याच महिन्यात माझ्या डाव्या हाताला बसलेल्या एका काकांनी पत्त्यांवर काहीच ठेवलं नव्हतं, चिप पण नाही, आणि मी बाकीच्यांचे टाकलेले पत्ते ओढताना त्यांचे पण ओढून घेतले. म्हणे दोन एक्के होते. गेले ते गेले, गठ्ठ्यात मिसळलेला हात, म्हणजे खेळणाऱ्याचे पत्ते, परत येत नाही. आपले पत्ते आपण सांभाळायचे हा नियम त्यांच्या विरुद्ध गेला, पण हात माझा होता ना. त्या रात्री जेवण गेलं नाही मला. तेव्हापासून पहिल्या आणि शेवटच्या सीटवाल्याला बसतानाच सांगतो, पत्त्यांवर एक चिप ठेवा.

खेळणाऱ्यांची रीतभात फार सांगत बसत नाही, त्यांना एवढंच, पाळीशिवाय पत्ते टाकू नका, पॉटात, म्हणजे मधल्या लावलेल्या ढिगात, चिप्स उधळू नका, पत्ते टाकून मोकळे झालात की चालू हातावर, म्हणजे चालू डावावर, बोलू नका, आणि जिंकणारे पत्ते हातात असताना समोरच्याला ताटकळत ठेवून मजा घेऊ नका. हा शेवटचा प्रकार नियमात बसतो पण लोक त्यावरनंच माणूस ओळखतात.

टीप. मोठा पॉट जिंकलेला माणूस खुशीने एखादी चिप सरकवतो. ती घेऊन टेबलावर ठक ठक करायची, फ्लोअरला ऐकू येतं, कॅमेऱ्यात दिसतं, आणि मग बॉक्समध्ये. हातात ठेवायची नाही, युनिफॉर्मला खिसाच नसतो. टेबल सोडताना टाळी वाजवून दोन्ही हात सुलटे-उलटे दाखवायचे, हातात काही नाही म्हणून. आमच्याकडे बॉक्स सगळ्यांत वाटला जायचा, तेव्हा माझ्या टेबलावर आज किती पडले हा हिशेब मनातनं काढून टाका. हरलेल्याकडून अपेक्षा नको, न देणाऱ्याकडे बघायचं पण नाही. टुर्नामेंटमध्ये हाताला टीप नसते कारण त्या चिप्सचे पैसे होत नाहीत, जिंकणारा शेवटी बक्षिसातून देतो, दिलं तर.

आणि एकदा काय झालं, दोघं शेजारी बसलेले, एकमेकांना ओळखत नाही असं दाखवत होते, पण एकाने रेझ केला की दुसरा पत्ते टाकायचा, तिसरा कुणी आत आला की दोघं मिळून त्याला पिळायचे. मला नुसता संशय होता. मग ऐन हातात एकजण पुटपुटला, "नी बिडो, नन्न कडे ऐति." तू सोड, माझ्याकडे आहे. त्यांना वाटलं गोव्यातल्या डीलरला कन्नड कुठलं. अरे शाळेपासनं ऐकतोय मी. आमच्या टेबलावर हात चालू असताना इंग्रजी नाहीतर हिंदीच बोलायचं असा नियम होता, मी तेवढंच मोठ्याने म्हटलं. त्याचा चेहरा उतरला. पुढचा हात जिंकल्यावर त्याने पाचशेची चिप सरकवली, एरवी शंभरची पण द्यायचा नाही. मी ठक ठक करून बॉक्समध्ये टाकली आणि लगेच फ्लोअरला बोलावून सगळं सांगितलं. दोघांना वेगवेगळ्या टेबलांवर बसवलं.

उठताना तो वाकून म्हणाला, "निंद याव ऊर?" तुझं गाव कुठलं. म्हटलं, बेळगाव.

"मग आधी सांगायचं की बा," चक्क मराठीत.