पार्षदाचा फ्लेक्स आणि बाप्पाची माती: इंदूरच्या मंडळांसाठी

मंडळाचा कचरा अनंत चतुर्दशीला होत नाही. तो आषाढातच, वर्गणीच्या बैठकीत ठरतो. मूर्ती कोणाची, फ्लेक्स कोणाचा, भंडाऱ्याची कागदी ताटं कोणाकडून, हे तिथेच पक्कं होतं. देणारा बहुधा पार्षद, म्हणजे नगरसेवक, किंवा तिकिटाचा इच्छुक असतो आणि दारात आलेली वस्तू परत पाठवायची हिंमत कोणात नसते. म्हणून आधी पत्र द्या, मग पावतीपुस्तकं छापा.

पत्रात चारच ओळी हव्यात: ‘आपली देणगी फ्लेक्सऐवजी स्टीलच्या २०० ताटांच्या रूपात मिळावी. प्रत्येक ताटामागे आपले नाव कोरून घेऊ. मांडवाच्या दाराशी देणगीदारांचा एकच कापडी फलक असेल. नावे अकारविल्हे, एकाच आकाराच्या अक्षरांत.’ शेवटची ओळ कोणी म्हटलं तरी गाळू नका, कारण खरी भांडणं अक्षरांच्या उंचीवरूनच होतात. फ्लेक्स अकरा दिवसांत उतरतो, ताटावरचं नाव मात्र दर पंगतीत दिसतं, हे पुढाऱ्याला सांगितलं की तो बहुतेकदा ऐकतो.

१ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनहून पातळ प्लास्टिक-पीव्हीसी बॅनर आणि सजावटीचा थर्माकोल देशभर बंद आहेत. जाणकार देणगीदार म्हणेल, ‘आमचा जाड आहे.’ नियमात बसेलही, पण त्यातलं कापड आणि पीव्हीसीचा थर सुटे होत नाहीत. भंगारात त्याला भाव नाही आणि जाळला तर धुरात हायड्रोजन क्लोराईड येतो. कापडी फलकावर वर्ष घालू नका, तोच पुढच्या वर्षी चालतो. निवडणुकीची आचारसंहिता लागली असेल तर उमेदवाराचं नाव झाकाच. पूजास्थानावरून प्रचार करायला तिच्यात मनाई आहे.

मूर्तीचा बयाणा देण्याआधी बुडाशी, रंग न लागलेल्या जागी, पाण्याचे दोन थेंब टाका. पाच मिनिटांनी बोट घासा. माती असेल तर चिखल होऊन बोटाला लागते. पीओपी, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस, भिजतं पण मऊ होत नाही. नुसत्या पांढऱ्या रंगावर जाऊ नका, वाळलेला शाडूही फिकटच दिसतो. माळव्याची काळी माती एकटीच वापरली तर वाळताना आकसून तडकते, तेव्हा तिच्यात कापूस किंवा भुसा मळलाय का ते विचारा. ऑइलपेंट, वॉर्निश नको म्हणून बजावा. तो थर पाणी आत जाऊ देत नाही आणि शाडूची मूर्तीही पिंपात तशीच बसून राहते. ही अट बिलावर लिहून घ्या.

इंदूरच्या कान्ह नदीत काही सोडू नका. ती उज्जैनजवळ त्रिवेणीला क्षिप्रेत मिळते, आणि २०२८ च्या सिंहस्थात स्नान त्याच क्षिप्रेत आहे. शाडूची मूर्ती पिंपात विरघळवा, गाळ चाळून मूर्तिकाराला परत द्या.

एवढं करूनही कोणाच्या घरची लहान पीओपी मूर्ती आलीच तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची पद्धत आहे. मूर्ती बुडेल एवढं पाणी घ्या, मूर्तीच्या वजनाइतकं अमोनियम बायकार्बोनेट घाला आणि दिवसातून तीन-चारदा काठीने ढवळा. साधारण दोन दिवसांत तळाशी खडूसारखा कॅल्शियम कार्बोनेटचा गाळ बसतो, वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट, म्हणजे खतच, उरतं. रंगाची साय आधी काढा आणि ते पाणी वीसपट पातळ करून फुलझाडांना द्या, भाजीला नको. काम उघड्यावरच करा, अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबतो. पुडीवरचं नावही वाचा. खाण्याचा सोडा वेगळा. त्याचं सोडियम झाडं मारतं.

भंडाऱ्यात एका वेळी शंभर माणसं बसत असतील तर २०० ताटं पुरतात: एक पंगत जेवते, दुसरीची ताटं धुतली जातात. तीन टब मांडा, खरकट्याचा, साबणाचा, स्वच्छ पाण्याचा. पाणी तेलकट झालं की तिन्ही बदला. ताटं कमी पडली तर पळसाच्या पत्रावळी घ्या. ‘कागदी’ ताट फाडून बघा, आत पातळ पापुद्रा निघाला तर ते प्लास्टिकच.

निर्माल्यासाठी मांडवात दोन टोपल्या ठेवा. एकीत फुलं-पत्री-दूर्वा, दुसरीत दोरे, जरी, कापराची वेष्टनं. हारांचे दोरे रोज संध्याकाळीच कापा. शेवटच्या दिवशी कोणी कापत नाही, आणि तोच दोरा पुढे फावड्याला गुंडाळतो. भोकं पाडलेल्या ड्रममध्ये एक घमेलं निर्माल्य, एक घमेलं वाळका पाला, वर मूठभर जुनं शेणखत, असे थर द्या. दूर्वा आधी उन्हात वाळवा, नाहीतर ड्रममध्येच फुटतात. मूठ आवळल्यावर हात ओला व्हावा, पाणी गळू नये. आठवड्याला एकदा उलथा, दीड-दोन महिन्यांत खत होतं. वास आला तर पाला कमी पडलाय. ढीग गरमच होत नसेल तर तो लहान आहे किंवा कोरडा. शिरा, तूप, पंचामृत आत गेलं की उंदीर येतात, आणि मग गल्लीतले लोक निर्माल्य नाही, मंडळच बंद करा म्हणतात.