बोअरचं पाणी आणि रेडिएटर : उन्हाळ्याआधी गाडीची कूलिंग घरच्या घरी कशी साफ करावी

मार्च संपत आला की आमच्या परभणीकडं एकच बोलणं ऐकू येतं, गाडी हीट मारायली. कारणही ठरलेलं, ऊन लई आहे. ऊन आहेच की, मे महिन्यात ४२-४३ आपल्याला नवं नाही, पण गाडी बनवणाऱ्यानं ते धरूनच रेडिएटर (इंजिनाचं गरम पाणी थंड करणारी नळ्यांची जाळी) दिलेला असतो. बाहेर ४३ असलं तरी आतलं पाणी ९० च्या आसपास असतं, म्हणजे उष्णता बाहेर टाकायला ४५-५० अंशांचा फरक हातात उरतो आणि साफ रेडिएटरला तेवढा पुरतो. पुरत नाही तेव्हा बहुतेक वेळा आतल्या नळ्या चोंदलेल्या असतात, आणि त्या आपणच चोंदवतो, बोअरचं पाणी ओतून ओतून.

मी पण तेच केलं होतं. जुनी पेट्रोल गाडी, पाणी थोडं थोडं कमी व्हायचं, दर रविवारी अंगणातल्या नळीनं भरून टाकायचो, खर्च शून्य म्हणून खूश. मग एका मे महिन्यात दुपारी दोन वाजता मांजरसुंब्याच्या घाटात एसी चालू, मागं चार माणसं, डिक्कीत आंब्याची पेटी, आणि तापमानाचा काटा बघता बघता लाल. हेड (इंजिनाचा वरचा भाग) वाकलं, गॅसकेट (त्याच्याखालचं सील) उडालं, फेसिंग मारून म्हणजे हेड घासून सपाट करून आणलं तेव्हा मिस्त्रीनं थर्मोस्टॅट (रेडिएटरकडं जाणाऱ्या पाण्याची झडप) काढून हातात दिला, त्याच्यावर घरच्या गिझरच्या कॉईलवर असतो तसला पांढरा थर. तेव्हा डोक्यात उजेड पडला.

आपलं बोअरचं पाणी जड असतं, खडकातले क्षार घेऊनच वर येतं. पाणी तापलं की त्यातलं कॅल्शियम खाली बसतं, आणि जिथं जास्त गरम तिथं जास्त बसतं, म्हणजे हेडच्या आतल्या वाटांत. त्या थरातून उष्णता नीट बाहेर जात नाही. बरं, लोकांना तरी काय बोलणार, २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली होती, अशा मुलखात फिल्टरचं पाणी गाडीत कोण ओतणार. पण गाडीला लागतं किती? लहान गाडीला सगळं मिळून ४ लिटरच्या आसपास, मोठ्या डिझेल गाडीला त्याच्या दीडपट-दुप्पट. एकदा नीट भरलं तर वर्षानुवर्षं हात लावायची गरज नाही.

आधी तपासणी, मगच पाना हातात घ्यायचा. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडा (काही नवीन गाड्यांत रेडिएटरला झाकणच नसतं, बाजूच्या टाकीचं झाकणच सगळं काम करतं). आत बोट घालून बघा, तांबडा गाळ लागला तर गंज आहे, पांढरी खरखर लागली तर क्षार. मग झाकण उघडंच ठेवून गाडी चालू करा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येतील ते सोडा, पण थांबायचं नावच न घेता बुडबुडे येत राहिले तर हेड गॅसकेटमधून गॅस पाण्यात जायलाय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या चहासारखं काही दिसलं, किंवा इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर आणि पाणी मात्र कमी होतंय, तर तेच दुखणं. असं असेल तर पुढचं काही करू नका, सरळ मिस्त्रीकडं जा, साफसफाईनं ते जाणार नाही.

सामान फार नाही. बादली किंवा जुनी परात, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, रेडिएटर फ्लशची (आतली घाण सोडवणाऱ्या द्रावणाची) एक बाटली, बॅटरीच्या दुकानात मिळतं ते डिस्टिल्ड वॉटरचे ५-५ लिटरचे दोन-तीन कॅन, आणि कूलंट (रेडिएटरमध्ये भरायचं रंगीत द्रावण). रेडिएटर आणि इंजिन जोडणारा रबरी होस पाईप दाबून बघा, फुगलेला किंवा पापडासारखा कडक झालेला असेल तर तोही क्लॅम्पसकट नवीन आणून ठेवा, नाहीतर काम अर्धवट टाकून दुकान गाठावं लागतं आणि नेमका त्या दिवशी बाजार बंद असतो.

आता काम. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढून, इंजिन थंड. ज्यांच्या गाडीला इलेक्ट्रिक फॅन आहे त्यांनी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा, काही गाड्यांत चावी बंद असली तरी फॅन आपोआप फिरतो आणि बोटं तिथंच असतात. खाली शिरायचं असेल तर नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका. रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यात ड्रेनचा नट असतो, प्लास्टिकचा असेल तर जपून, जुना झाला की तुटतोच, तसं वाटलं तर त्याला हात न लावता खालचा होस पाईप काढा, पाणी भसकन येतं म्हणून परात आधी लावा. जुनं कूलंट नालीत किंवा गोठ्याकडं ओतायचं नाही बरं का. चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं, वासरं चाटतात आणि मरतात, ते विष आहे. कॅनमध्ये भरून झाकण लावा, वर विष म्हणून लिहा आणि गॅरेजवाला जुनं ऑइल देतो तिथंच द्या.

पाणी निघालं की पाईप आणि बॅटरीची वायर परत लावा, साधं स्वच्छ पाणी आणि फ्लशची बाटली टाकून गाडी चालू करा, बाटलीवर लिहिलंय तेवढाच वेळ चालवा. यावेळी केबिनमधला हीटर फुल गरमवर ठेवायचा, नाहीतर हीटरच्या छोट्या रेडिएटरमधलं घाण पाणी तिथंच राहतं आणि नंतर सगळ्या नव्या कूलंटमध्ये मिसळतं. मग इंजिन थंड होऊ द्या, अर्धा-पाऊण तास तरी, घाई करू नका. वायर काढून परत रिकामं करा, साध्या पाण्यानं धुवा, बाहेर येणारं पाणी नितळ दिसेपर्यंत. गंज जास्त असेल तर चार-पाच वेळा लागतं, मला सहा वेळा लागलं होतं, पूर्ण दिवस गेला. शेवटचं धुणं मात्र डिस्टिल्ड पाण्याचंच, म्हणजे आत बोअरचं पाणी उरत नाही. आणि एक, संडास साफ करायचं अॅसिड टाकायचा सल्ला कुणी दिला तर हात जोडून घरी पाठवा, आताचे रेडिएटर आणि हेड अॅल्युमिनियमचे असतात, ते अॅसिड क्षाराबरोबर धातूही खातं.

जुन्या जीपांचे तांब्या-पितळेचे रेडिएटर असतील तर गोष्ट वेगळी, रेडिएटरवाला टाकी खोलून नळ्यांत सळई मारून देतो आणि परत झाळून देतो. प्लास्टिकच्या टाकीचा अॅल्युमिनियम रेडिएटर आतून जाम झाला असेल तर त्याला सळई मारत बसण्यापेक्षा बदललेला बरा, असं माझं मत.

थर्मोस्टॅटवर थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथंच आहे. आपल्याकडं कुणाची गाडी गरम झाली की पहिला उपाय, थर्मोस्टॅट काढून फेक. ती छोटी झडप ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडते आणि इंजिनला तेवढं तापमान लागतंच. काढून टाकलं की सकाळी इंजिन लवकर तापत नाही, पेट्रोल जास्त जातं, ऑइल लवकर खराब होतं, आणि काही इंजिनांत तर बायपासची वाट बंद करायचं कामही त्याच झडपेचं असतं, मग निम्मं गरम पाणी रेडिएटरला न जाता तसंच फिरत राहतं आणि गाडी उलट जास्त तापते. खराब आहे का बघायचं तर पातेल्यात पाणी घेऊन त्यात दोऱ्यानं लटकवा आणि गॅसवर ठेवा (जुनं पातेलं घ्या, नाहीतर घरात वेगळंच इंजिन गरम होतं). पाणी उकळायच्या आत झडप उघडली, काढल्यावर मिटली, तर चांगला आहे. नाही उघडली तर नवीन टाका.

झाकणाकडं पण कुणी बघत नाही. आपण पठारावर राहतो, उघडं पाणी १०० च्या थोडं आधीच उकळतं. ०.९ बारचं झाकण दाब धरून ठेवतं म्हणून तेच पाणी ११७-११८ पर्यंत उकळत नाही, आणि कूलंट असेल तर अजून वर जातं. रबर चिरलं किंवा स्प्रिंग ढिली पडली की हा सगळा फायदा गेला. झाकणावर आकडा लिहिलेला असतो, तोच आकडा बघून घ्या, जास्त दाबाचं चांगलं म्हणून मोठं टाकू नका, होस फुटतो.

भरताना बाटली वाचा. तयार मिश्रण असेल तर त्यात पाणी घालायचं नाही, कॉन्सन्ट्रेट असेल तर सांगितलेल्या प्रमाणात डिस्टिल्ड पाणी. नुसतं कॉन्सन्ट्रेट भरलं की जास्त थंड, असं पण काही नाही, उष्णता वाहून न्यायला पाणीच भारी, कूलंट उकळण्याचा अंश वाढवतं आणि गंज रोखतं. रंगावर जाऊ नका, हिरवं-लाल-गुलाबी हे कंपनीगणिक बदलतं, मॅन्युअलमध्ये दिलेला प्रकार बघा. दोन प्रकार मिसळले तर कधी कधी आत खिरीसारखं घट्ट होतं.

मग एअर म्हणजे आत अडकलेली हवा काढायची, इथंच घरी काम करणारे चुकतात. काढलेली वायर परत लावा, गाडीचं तोंड चढावर करा, हीटर फुल गरम, झाकण उघडं, हळूहळू भरा आणि गाडी चालू ठेवा. वरचा होस मधूनमधून दाबा, बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, भरत राहा. वरचा होस एकदम गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. फॅन दोनदा लागून बंद झाला आणि हीटरमधून चांगली गरम हवा आली की झाकण लावा. ज्यांना झाकण दाबाच्या टाकीला आहे त्यांनी मॅन्युअलमधली पद्धत वापरा.

बाहेरून पण बघा. आपल्याकडं सोयाबीनचा भुस्सा, कापसाचे तंतू, उसाचं पाचट, सगळं कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी) आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत जाऊन बसतं. इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेनं, साध्या नळीच्या धारेनं धुवा. वॉशिंग सेंटरची प्रेशरची धार जवळून मारली की पत्र्याच्या बारीक पट्ट्या आडव्या होतात आणि हवेची वाटच बंद. ग्रिलसमोर फॉगलाइटची रांग आणि लोखंडी गार्ड लावून हवा अडवणारे पण आहेत, त्या गार्डवर तर केंद्रानं २०१७ लाच कारवाई करायला सांगितलंय.

जुन्या जीपमध्ये मोठं डिझेल इंजिन बसवणाऱ्या पोरांसाठी दोन शब्द. इंजिन मोठं आणि रेडिएटर जुनाच, मग घाटात उभे राहता. इंजिनासोबत त्याचाच रेडिएटर घ्या आणि फॅनभोवतीचं कव्हर सोडू नका, ते नसलं की फॅन तीच गरम हवा परत ओढतो. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं आरटीओची परवानगी आधी, इंजिन नंतर. आरसीवर इंजिन नंबर जुळला नाही तर विम्याचा क्लेम करताना लई त्रास होतो.

काटा नसलेल्या नव्या गाड्यांना मी एकच गोष्ट सुचवतो, ब्लूटूथचा छोटा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र), काही शे रुपयांत येतो, मोबाईलवर तापमान आकड्यात दिसतं. तुमच्या गाडीचा रोजचा आकडा लक्षात ठेवा, त्याच्या १०-१५ वर जायला लागला की एसी बंद, हीटर चालू, खालचा गिअर टाकून पंप जोरात फिरू द्या. लाल दिवाच लागला तर बाजूला घेऊन इंजिन बंद, आणि झाकणाला अर्धा-पाऊण तास हात लावायचा नाही. गरम इंजिनवर थंड पाणी ओतलं तर हेडला चीर जाते.

साफ केल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना पातळी बघा, थोडी खाली गेलेलीच असते, भरा, आणि आठवडाभर रोज बघत राहा. रोज कमी व्हायली तर गळती आहे, वॉटर पंपाच्या खालच्या छोट्या भोकाजवळ पांढरट-हिरवट ओघळ शोधा. आमच्या मेव्हण्यानं मागच्या वर्षी गाडी नेली आणि पाणी कमी दिसलं म्हणून पाणपोईवरून तांब्याभर ओतून आणलं, मला परत सगळं धुवावं लागलं. आता बॉनेटच्या आतल्या बाजूला मी मार्करनं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, डिस्टिल्डचा कॅन डिक्कीत आहे.