जुनी मानदुखी, मला कशाने फरक पडला

रावेरला केळीच्या व्यापाऱ्याकडे हिशोबाचं काम, दिवसभर मान खाली, त्यात मान जी धरली ती वर्ष झालं तरी सुटेना. एक्स-रेत मणक्यांची झीज निघाली तर घरचे सगळे घाबरले. पण जळगावच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी नीट समजावलं की वयाप्रमाणे अशी झीज काहीच न दुखणाऱ्या लोकांच्या फोटोतही दिसते, आणि दुखणं 3 महिन्यांच्या वर गेलं की नसा जास्त हळव्या होऊ शकतात, म्हणजे मोठी इजा नसली तरी मेंदू धोक्याची घंटा वाजवतच राहतो. हे कळलं आणि माझी अर्धी भीती तिथंच गेली, खरंच सांगतो. मग ताईंनी गळ्याचा पट्टा काढायला लावला (कायम लावला तर स्नायू कमजोर होतात), हनुवटी मागे ओढायचा, खांदे मागे घ्यायचा व्यायाम हळूहळू वाढवला, लॅपटॉप जाड चोपड्यांवर ठेवला, अर्ध्या तासाने उठायचं, संध्याकाळी शेतापर्यंत चालायचं. सुरुवातीला थोडं दुखतं, तेवढं चालतं. आता मान वळवून गाडी रिव्हर्स घेतो.

फक्त हाताला मुंग्या, पकड ढिली, चालताना तोल जाणं, यातलं काही असेल तर आधी डॉक्टर गाठा, व्यायाम नंतर.