जुनी ट्रॉली घेताय? आधी खाली वाका

बागकामाची यंत्रं, माती, रोपं वाहायला कोल्हापुरात ट्रॅक्टरची जुनी ट्रॉली बघत असाल, तर ताज्या रंगावर भुलू नका. तिनं आधी ऊस ओढलेला असण्याचीच शक्यता जास्त, तोही क्षमतेबाहेर. खाली वाकून चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, बघा: कुठं चीर, कुठं नव्यानं मारलेलं वेल्डिंग, हुकाचं भोक झिजून लांबट झालंय का. चाक जॅकवर उचलून हलवा. खडखडलं तर बेअरिंग बघायला लागणार. तळाचा पत्रा कुजलाय? भाव पाडा आणि उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापुरातल्या कारखान्यांच्या भागात, बदलून घ्या. वाकलेला एक्सल मात्र फुकटातही नको, टायर खात राहतो. चासी नंबर आरसी बुकाशी जुळवा, मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाची सही घेऊनच उरलेले पैसे द्या.