मॉडेल स्टीम इंजिनाचा व्हॉल्व्ह गिअर निवडताना या चुका टाळा

सव्वासात इंची रुळांवर माणसं ओढणारं वाफेचं इंजिन बनवायला घेतलेला माणूस पहिला प्रश्न हमखास हाच विचारतो : वॉलशार्ट्स घेऊ की स्टीफन्सन? ही दोन्ही व्हॉल्व्ह गिअरची, म्हणजे सिलिंडरमध्ये वाफ केव्हा सोडायची हे ठरवणाऱ्या दांड्यांच्या जोडणीची, नावं. हा प्रश्न दुसरा असायला हवा. आधी व्हॉल्व्हची चाल (पुढे-मागे सरकण्याचं अंतर) किती, लॅप किती आणि लीड किती हे ठरवा. व्हॉल्व्ह मधोमध असताना पोर्टच्या (सिलिंडरकडे वाफ जाण्याच्या वाटेच्या) कडेपलीकडे जितका झाकतो तो लॅप. पिस्टन टोकाला पोहोचतो त्या क्षणी पोर्ट जेवढं उघडलेलं असतं ते लीड. इंजिन हलकं पळेल की धापा टाकेल, हे या मापांवर ठरतं. गिअरच्या नावावर फारसं काही ठरत नाही.

1925 साली ब्रिटनमध्ये एलएनईआर आणि ग्रेट वेस्टर्न या दोन रेल्वे कंपन्यांनी इंजिनांची अदलाबदल करून चाचण्या घेतल्या. त्यानंतर एलएनईआरने आपल्या पॅसिफिक प्रकारच्या इंजिनांवरचा वॉलशार्ट्स तसाच ठेवला, फक्त लॅप आणि चाल वाढवली. तेवढ्याने कोळसा बराच कमी लागू लागला.

आपल्याकडे अनेकांच्या मनात डब्ल्यूपी असतं. 1947 पासून ब्रॉडगेजवर धावलेलं ते बुलेटच्या नाकाचं इंजिन. 1676 मिलिमीटरचा गेज सव्वासात इंचांवर, म्हणजे 184 मिलिमीटरवर आणला की प्रमाण साधारण 1 : 9.1 येतं आणि 28 इंचांचा स्ट्रोक (पिस्टनची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची चाल) 78 मिलिमीटरचा होतो. डब्ल्यूपीचा वॉलशार्ट्स चाकांच्या बाहेर, सगळ्यांना दिसेल असा आहे, त्यामुळे निवडीचा प्रश्न तिथेच मिटतो. दाखवायला बाहेर खोट्या दांड्या लावून आत दुसरा गिअर बसवण्याच्या फंदात पडू नका. कामं दुप्पट होतात आणि नंतर दुरुस्तीला हात शिरत नाही.

पिस्टन व्हॉल्व्हचा गिअर स्लाइड व्हॉल्व्हला लावणं

ही चूक मी स्वतः केली आहे आणि तिने माझे दोन महिने खाल्ले. मूळ इंजिनात पिस्टन व्हॉल्व्ह, वाफ मधून आत येणारी. मॉडेलला मी बनवायला सोपे म्हणून स्लाइड व्हॉल्व्ह घेतले. त्यांत वाफ बाहेरच्या कडांवरून आत शिरते. दांड्या मात्र खऱ्या इंजिनाचे फोटो समोर ठेवून हुबेहूब केल्या. कॉम्प्रेसरची हवा सोडली, दिशा ठरवणारा रिव्हर्सिंग लिव्हर पुढे टाकला, तर चाकं मागे फिरली आणि तीही लंगडत. लिव्हर उलटा टाकल्यावर दिशा सुधारली, लंगडणं तसंच राहिलं. कारण कॉम्बिनेशन लिव्हर (पिस्टनची थोडी गती व्हॉल्व्हला देणारा उभा दांडा) लॅप आणि लीड उलट्या बाजूला देत होता.

नियम सोपा आहे. वाफ मधून येत असेल, तर कॉम्बिनेशन लिव्हरवर रेडियस रॉडची (लिंककडून येणाऱ्या दांड्याची) पिन सगळ्यात वर आणि व्हॉल्व्ह स्पिंडलची (व्हॉल्व्हच्या दांड्याची) तिच्या खाली. वाफ बाहेरच्या कडांवरून येत असेल, तर स्पिंडल वर आणि रेडियस रॉड खाली. त्याबरोबर रिटर्न क्रँकही (मुख्य क्रँकच्या पिनवर बसवलेली छोटी भुजा) बदलतो. रिटर्न क्रँक लिंकला, म्हणजे वक्र खाचेच्या पट्टीला, डोलवतो आणि त्या खाचेत डाय ब्लॉक हा ठोकळा सरकतो. पुढे जाताना डाय ब्लॉक लिंकच्या खालच्या अर्ध्यात असेल, तर स्लाइड व्हॉल्व्हसाठी रिटर्न क्रँक मुख्य क्रँकच्या पुढे हवा, मधून वाफ घेणाऱ्या पिस्टन व्हॉल्व्हसाठी मागे.

कॉम्बिनेशन लिव्हरची मापं काढताना दोन्ही अंतरं रेडियस रॉडच्या पिनपासूनच मोजायची. लॅप 4 मिलिमीटर आणि लीड 0.4 धरलं तर बेरीज 4.4, दुप्पट 8.8. स्ट्रोक 78. म्हणजे लांब भुजा छोट्या भुजेच्या 8.86 पट. पिस्टन व्हॉल्व्हसाठी अनेक जण लांब भुजा चुकून स्पिंडलच्या पिनपासून मोजतात आणि लीड का जुळत नाही म्हणून बसून राहतात.

सांध्यांमधला प्ले, म्हणजे ढिलेपणा

रिटर्न क्रँकपासून व्हॉल्व्हपर्यंत मोजा : क्रँकची पिन, लिंकच्या शेपटाची पिन, लिंकचे ट्रनियन (ती ज्यांवर डोलते ते खुंट), खाचेतला डाय ब्लॉक, त्याची पिन, रेडियस रॉडचं टोक, स्पिंडलची पिन. सात सांधे. प्रत्येकात एक दशांश मिलिमीटर प्ले राहिला, तर बेरीज 0.7. दांड्यांच्या गुणोत्तरानुसार ती थोडी कमी-जास्त होईल, पण तुमचं लीड आहे 0.4! मोठ्या इंजिनात एवढा प्ले कुणाच्या लक्षातही येणार नाही. मॉडेलमध्ये तो सगळं लीड गिळतो. म्हणून नुसत्या ड्रिलच्या भोकावर थांबू नका. भोक रीमरने नेमक्या मापाचं करा, गनमेटलचा बुश दाबून बसवा, पिन सिल्व्हर स्टीलची कडक करून घाला. डाय ब्लॉक ज्या खाचेत चालणार, त्याच खाचेत घासून जुळवा. तेल लावल्यावर तो बोटाने सरकावा, पण हलवून पाहिला तर खुटखुट आवाज येता कामा नये.

लिंकची वक्र खाच कापायला रोटरी टेबल नसेल, तर बेकर गिअरचा विचार करा. अमेरिकेत तो खूप चालला. त्यात वक्र खाच नाही, सगळ्या पिनाच आहेत. अर्थात पिना वाढल्या की वरचा हिशेबही वाढतो.

स्टीफन्सन आतल्या सिलिंडरांच्या इंजिनाला छान शोभतो, पण एका ॲक्सलवर चार एक्सेंट्रिक (केंद्र सोडून बसवलेल्या चकत्या) मावतील का, हे फ्रेम कापण्याआधी कागदावर काढून बघा. ते नुसत्या ग्रब स्क्रूवर सोडू नका, सरकतात. जॉय गिअरमध्ये गती कनेक्टिंग रॉडवरून घेतात. त्यामुळे रॉडला मध्येच भोक पडतं आणि स्प्रिंगवर चाक वर-खाली झालं की व्हॉल्व्हची वेळही हलते. बागेतल्या खडबडीत रुळांवर मी तो घेणार नाही. स्लिप एक्सेंट्रिक मात्र माणसं ओढणाऱ्या इंजिनाला नकोच. दिशा बदलायला दर वेळी इंजिन हाताने ढकलावं लागतं.

फुसफुस एकसारखी येत नाही तेव्हा

दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात धुराड्यातून चार फुसकारे समान अंतराने यायला हवेत. येत नसतील तर लगेच स्पिंडलचे नट फिरवू नका. वॉलशार्ट्स असेल तर आधी ही परीक्षा घ्या. क्रँक पुढच्या डेड सेंटरला (पिस्टन टोकाला असतानाच्या स्थितीला) ठेवा आणि रिव्हर्सिंग लिव्हर पूर्ण पुढून पूर्ण मागे न्या. स्पिंडलवर डायल गेज लावा. काटा हलता कामा नये. मागच्या डेड सेंटरलाही हेच करून बघा. दोन्हीकडे काटा एकाच दिशेला हलला, तर एक्सेंट्रिक रॉडची (रिटर्न क्रँक आणि लिंक जोडणाऱ्या दांड्याची) लांबी चुकली आहे. उलट दिशांना हलला, तर रिटर्न क्रँकचा कोन चुकला आहे. दोन्ही चुका एकत्र असतील, तर एका टोकाला काटा जास्त हलेल आणि दुसऱ्या टोकाला कमी.

डेड सेंटर नजरेने ठरवू नका. तिथे पिस्टन जवळजवळ थांबलेला असतो आणि चाक दोन-चार अंश फिरलं तरी कळत नाही. क्रॉसहेड (पिस्टनच्या दांड्याच्या टोकाचा सरकता ठोकळा) टोकाच्या थोडं अलीकडे असताना स्लाइड बारवर, म्हणजे तो ज्यावर सरकतो त्या पट्टीवर, रेघ मारा आणि चाकावर खूण करा. चाक पुढे नेऊन क्रॉसहेड परतताना त्याच रेघेवर आला की चाकावर दुसरी खूण करा. दोन खुणांचा मध्य म्हणजे डेड सेंटर.

ही परीक्षा पास झाली, की मगच स्टीम चेस्टचं (व्हॉल्व्हच्या पेटीचं) झाकण काढून दोन्ही टोकांचं लीड स्पिंडलच्या नटांनी सारखं करा. पिस्टन व्हॉल्व्हमध्ये पोर्ट दिसत नाहीत, म्हणून बॉबिनची (व्हॉल्व्हच्या सरकत्या भागाची) आणि पोर्टची मापं जोडणीआधीच वहीत लिहून ठेवा.